दुपारी मंदावणारा संगणक आणि ओव्हरक्लॉकिंगचा प्रश्न

प्रश्न : सर, सप्रेम नमस्कार. आम्ही सोलापूरच्या पूर्व भागात राहतो. वडिलांचे यंत्रमाग आहेत आणि चादरी-टॉवेलांच्या जकार्ड डिझाइनचे काम मी कारखान्याच्या वरच्या खोलीत बसून करतो. माझ्याकडे इंटेलचा कोअर आय५-२५००के प्रोसेसर, झेड६८ चिपसेटचा मदरबोर्ड, आठ जीबी मेमरी आणि साधी हार्ड डिस्क असलेला जुना संगणक आहे. प्रोसेसरवर त्याच्यासोबत आलेलाच पंखा आहे. ग्राहकाला दाखवायचे चादरीचे रंगीत चित्र संगणकावर तयार (रेंडर) व्हायला सकाळी ४० मिनिटे लागतात. दुपारी पाऊण तासाच्या वर जातात आणि कधी कधी संगणक हँगही होतो. मित्र सांगतो की बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होताना उघडता येणाऱ्या सेटिंगच्या पडद्यावर जाऊन हा प्रोसेसर ४.८ गिगाहर्ट्झवर चालवता येतो. चुलतभाऊ म्हणतो, तसे केलेस तर तो जळून जाईल. नवा संगणक घेण्याची सध्या ऐपत नाही. मी काय करावे?

उत्तर : नमस्कार. ओव्हरक्लॉकिंगकडे, म्हणजे प्रोसेसर ठरलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवण्याकडे वळण्यापूर्वी, तुम्ही पत्रात सहज लिहून गेलेल्या एका गोष्टीकडे तुमचे लक्ष वेधतो. जे काम सकाळी ४० मिनिटांत होते त्यालाच दुपारी पाऊण तासाहून अधिक वेळ लागतो. काम तेच आहे, प्रोसेसर तोच आहे, विंडोजही तीच आहे. बदलते ती फक्त खोलीतली हवा. तुमच्या प्रोसेसरच्या आतील तापमान सुमारे ९८ अंश सेल्सिअसला पोहोचले की तो स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग आपणच कमी करतो, आणि तुमच्याकडे दुपारी हेच घडत असावे असा माझा दाट संशय आहे. म्हणजे ज्या प्रोसेसरकडून जास्तीचा वेग मागण्याचा तुमचा विचार आहे, तो आज कारखान्यातून मिळालेला वेगसुद्धा तुम्हाला पूर्णपणे देत नाही. आधी तो हक्काचा वेग परत मिळवायचा आणि मगच वाढीव वेगाचा विचार करायचा, हा क्रम कृपा करून उलटवू नका.

संशयाची खात्री करणे अवघड नाही. एचडब्ल्यूइन्फो हा मोफत प्रोग्राम चालू ठेवून दुपारी एक रेंडर लावा आणि चारही कोअरचे तापमान, प्रत्यक्ष वेग आणि थर्मल थ्रॉटलिंगची (उष्णतेमुळे वेग कमी केल्याची) नोंद पाहा. चारही कोअर एकाच वेळी कामाला असतील तेव्हा हा प्रोसेसर ३.४ गिगाहर्ट्झवर चालायला हवा. तो त्याखाली उतरत असेल आणि थ्रॉटलिंगसमोर ‘होय’ दिसत असेल, तर प्रश्न प्रोसेसरच्या ताकदीचा नसून त्याच्या थंडाव्याचा आहे. हँग होण्याचे कारण मात्र केवळ प्रोसेसरची उष्णता असेलच असे नाही. थकलेला एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा डबा) किंवा सदोष मेमरीही तसे करू शकते. म्हणून मेमटेस्ट८६ने एक रात्रभर मेमरी तपासून घ्या. जो संगणक मूळ सेटिंगवरच डळमळीत आहे त्याला ओव्हरक्लॉक करायला घेतले, तर पुढे येणारी प्रत्येक चूक नव्या सेटिंगची की जुन्या दोषाची, हे कधीच उलगडत नाही.

आता तुमच्या खोलीविषयी. ज्या इमारतीत माग चालतात तिथल्या हवेत सुताचे बारीक तंतू सतत तरंगत असतात. घरातल्या साध्या धुळीपेक्षा हे तंतू अधिक त्रासदायक असतात, कारण ते हीटसिंकच्या (प्रोसेसरवरच्या, उष्णता शोषणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या) पात्यांमध्ये एकमेकांत गुंतत जातात आणि पंख्याखाली अक्षरशः नमद्यासारखा थर तयार होतो. पंखा वेगाने फिरत राहतो, आवाजही भरपूर करतो, पण हवा पात्यांपर्यंत पोहोचतच नाही. मी मागवाल्यांचे अनेक संगणक उघडले आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांमध्ये हा थर बोटांनी सोलून काढावा लागला आहे. तुमचा संगणकही बाहेर अंगणात किंवा गच्चीवर नेऊन, वीजजोड काढून, ब्लोअरने स्वच्छ करा. हवा मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवा. ते मोकळे सोडले तर भलत्या वेगाने फिरून बेअरिंग खराब होते. एसएमपीएसच्या जाळीतूनही हवा मारा, पण त्याचे झाकण स्वतः उघडू नका, कारण आतील कपॅसिटरमध्ये वीजजोड काढल्यानंतरही विजेचा धोकादायक दाब शिल्लक राहू शकतो.

त्यानंतर हीटसिंक उतरवून वाळलेली थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि हीटसिंक यांमधला उष्णता वाहून नेणारा लेप) आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि नवी पेस्ट मसुराच्या दाण्याएवढी, मधोमध लावा. कंपनीचा पंखा चार प्लास्टिकच्या पायांवर बसतो. त्यांपैकी एक पाय जरी मदरबोर्डमध्ये पूर्ण खटका होऊन बसला नाही, तरी हीटसिंक एका बाजूने उचललेला राहतो आणि तापमान भरमसाट वाढते. पाय समोरासमोरच्या जोडीने दाबा आणि मदरबोर्डच्या मागच्या बाजूने चारही टोके बाहेर आलेली दिसतात ना, हे पाहा. एवढे केल्यावर दुपारचे रेंडर पुन्हा सकाळच्या वेळेत होऊ लागले, तर ती पाच-दहा मिनिटे तुम्ही बायोसला हात न लावता मिळवलेली असतील.

आता मूळ प्रश्न. तुमच्याकडचा प्रोसेसर यासाठी खरोखरच चांगला आहे, आणि तुमच्या मित्राने तुम्हाला काही खोटे सांगितलेले नाही. जानेवारी २०११ मध्ये बाजारात आलेल्या या पिढीत नावाच्या शेवटी ‘के’ असलेल्या प्रोसेसरचा गुणक, म्हणजे वेग ठरवणारा आकडा, बदलण्यासाठी खुला ठेवलेला आहे, आणि झेड६८ हा चिपसेट तो गुणक वाढवू देतो. हाच प्रोसेसर एच६१च्या मदरबोर्डवर असता तर तुम्हाला एवढे लांब उत्तर लिहिण्याची गरजच पडली नसती, कारण तिथे ती सोय नाही. शिवाय या पिढीत सिलिकॉनचा तुकडा आणि त्यावरचे धातूचे झाकण यांच्यामध्ये डाख दिलेला आहे. पुढच्या, २०१२ च्या पिढीत त्या जागी पेस्ट आली. डाखामुळे आतली उष्णता झाकणापर्यंत चटकन येते, आणि म्हणूनच हे प्रोसेसर ओव्हरक्लॉकिंगसाठी नावाजले गेले.

तरीही ४.८ गिगाहर्ट्झ तुमच्यासाठी नाही, असे मी स्पष्टपणे सांगतो. प्रोसेसरची उष्णता वेगाच्या प्रमाणात वाढते, परंतु व्होल्टेजच्या मात्र वर्गाच्या प्रमाणात वाढते, आणि वेग एका मर्यादेपलीकडे न्यायचा तर व्होल्टेज वाढवावेच लागते. उदाहरणादाखल हिशोब करून पाहू. आज तुमचा प्रोसेसर ३.४ गिगाहर्ट्झला १.२० व्होल्टवर चालतो असे धरा. तो ४.२ वर १.२५ व्होल्टने चालला, तर वेग सुमारे २४ टक्क्यांनी वाढतो आणि उष्णता साधारण एक-तृतीयांशाने. तोच ४.८ वर नेण्यासाठी १.४० व्होल्ट द्यावे लागले, तर वेग ४१ टक्क्यांनी वाढतो, पण उष्णता जवळजवळ दुप्पट होते. मूळ प्रोसेसर ९५ वॅटच्या मर्यादेसाठी बनवलेला आहे. ती दुप्पट उष्णता वातानुकूलित खोलीत, मोठ्या कूलरने कदाचित बाहेर काढता येईल. पत्र्याखाली किंवा तापलेल्या स्लॅबखाली, सुताच्या धुळीत, एप्रिल-मे महिन्यांत ती काढता येणार नाही. म्हणून तुमच्यासाठी ४.२ हे उद्दिष्ट ठरवू. त्याने ४० मिनिटांचे रेंडर साधारण ३२-३३ मिनिटांवर येईल.

मात्र त्यासाठीही प्रोसेसरसोबत आलेला पंखा पुरणार नाही. उभा टॉवर पद्धतीचा, तांब्याच्या हीटपाइप आणि १२० मिलिमीटरचा पंखा असलेला कूलर घ्या. तुमच्या ११५५ सॉकेटची (मदरबोर्डवरच्या प्रोसेसरच्या बैठकीची) भोके ११५६, ११५०, ११५१ आणि १२०० या सॉकेटांसारखीच असल्यामुळे कूलर सहज मिळतो, वापरलेलाही चालतो आणि पुढे त्यांपैकी एखादा संगणक घेतलात तर त्यावरही बसतो. विकत घेण्यापूर्वी कॅबिनेटची रुंदी मात्र मोजा. लहान कॅबिनेटचे झाकण टॉवर कूलरवर बसत नाही. आणखी एक बारकावा दुकानदार सहसा सांगत नाहीत. जुना पंखा खालच्या दिशेने हवा फेकतो, त्यामुळे सॉकेटभोवतीच्या, प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागांनाही थोडी हवा लागते. टॉवर कूलरची हवा आडवी जाते आणि ते भाग हवेविना राहतात. म्हणून कॅबिनेटच्या मागच्या बाजूला हवा बाहेर काढणारा एक पंखा असलाच पाहिजे. त्याच वेळी सॉकेटजवळचे कपॅसिटर नीट न्याहाळा. एखाद्याचे डोके फुगलेले दिसले, तर ओव्हरक्लॉकिंगचा विषय तिथेच थांबवा.

बायोसमध्ये काय करायचे ते आता सविस्तर सांगतो. सुरुवातीला तुमच्या सर्व डिझाइन फाइलींची प्रत वेगळ्या डिस्कवर काढून ती डिस्क संगणकापासून सोडवून ठेवा. मग बायोसमध्ये जाऊन मूळ सेटिंग लोड करा आणि प्रत्येक पानाचे मोबाइलने छायाचित्र घ्या. त्यानंतर बदलायचा तो प्रामुख्याने गुणकच. तो वेगवेगळ्या मदरबोर्डांवर सीपीयू रेशो किंवा टर्बो रेशो अशा नावाने दिसतो. पायाभूत घड्याळ १०० मेगाहर्ट्झचे असते, म्हणून गुणक ३६ म्हणजे ३.६ गिगाहर्ट्झ आणि ४२ म्हणजे ४.२. हे पायाभूत घड्याळ स्वतः मात्र अजिबात वाढवू नका. कोअर २ डुओच्या काळात बसचा वेग वाढवूनच ओव्हरक्लॉकिंग होत असे आणि त्या काळात शिकलेले लोक आजही तोच सल्ला देतात. पण तुमच्या पिढीत पीसीआय एक्सप्रेस आणि साटा (कार्डे आणि डिस्क जोडण्याच्या वाटा) यांची घड्याळेही याच १०० मेगाहर्ट्झवर बेतलेली आहेत, त्यामुळे ते थोड्याच टक्क्यांनी वाढवले तरी हार्ड डिस्कवर लिहिण्यात चुका होऊ लागतात.

व्होल्टेजच्या बाबतीत सर्वांत मोठा सापळा म्हणजे ‘ऑटो’ हा शब्द. गुणक वाढवून व्होल्टेज ऑटोवर सोडले की अनेक मदरबोर्ड गरजेपेक्षा कितीतरी जास्त व्होल्टेज देऊन टाकतात. संगणक स्थिर वाटतो, पण आत भट्टी पेटलेली असते. म्हणून आधी मूळ सेटिंगवर पूर्ण भार असताना व्हीकोअर (प्रोसेसरला मिळणारे व्होल्टेज) किती दिसतो ते वहीत लिहून ठेवा. मग ऑफसेट पद्धत (मूळ व्होल्टेजमध्ये ठरावीक भर घालणारी) निवडून वाढ शून्यावर किंवा तुमचा बोर्ड देईल त्या सर्वांत कमी पायरीवर ठेवा आणि गुणक ३६, ३८, ४०, ४१, ४२ असा चढवत जा. प्रत्येक पायरीवर अर्धा तास चाचणी घ्या. अनेक प्रोसेसर ४.० पर्यंत वाढीव व्होल्टेज मागतच नाहीत. पुढे संगणक अडखळला तरच ०.०१ व्होल्टच्या आसपासची एक पायरी वाढवा. पूर्ण भाराखाली १.३० व्होल्ट ही तुमची लक्ष्मणरेषा समजा. मी ही मर्यादा मुद्दाम कडक ठेवतो आहे. थंड प्रदेशातले लोक याहून पुढे जातात, परंतु त्यांची खोली तुमची नाही. तुमच्या प्रोसेसरला ४.२ साठी १.३० पेक्षा जास्त लागत असतील, तर ४.१ वर समाधान माना. एकाच नावाच्या दोन प्रोसेसरांचा कस सारखा नसतो, त्यामुळे मित्राच्या आकड्यांशी तुलना करण्यात अर्थ नाही.

भार पडल्यावर व्होल्टेज किंचित खाली येते, आणि ते सावरण्यासाठी लोड-लाइन कॅलिब्रेशन नावाचे सेटिंग असते. ते मधल्या पातळीवर ठेवा. सर्वांत वरच्या पातळीवर ठेवल्यास भार एकदम उतरल्याच्या क्षणी व्होल्टेज उसळी मारते आणि ती उसळी साध्या प्रोग्राममध्ये दिसतही नाही. स्पीडस्टेप आणि सी१ई ही वीज वाचवणारी सेटिंग बंद करण्याचा सल्ला तुम्हाला कोणी दिला तर तो मानू नका. ती चालू असली की रिकामा बसलेला प्रोसेसर १.६ गिगाहर्ट्झवर उतरतो आणि थंड राहतो. मेमरीचा वेग आणि तिचे १.५ व्होल्ट जसे आहेत तसेच राहू द्या. एखाद्या सेटिंगने संगणक सुरूच झाला नाही तर घाबरू नका. वीजजोड काढून मदरबोर्डवरचा क्लिअर सीमॉस (बायोसची सेटिंग पुसणारा) जंपर वापरला, किंवा सीआर२०३२ ही गोल बॅटरी काही मिनिटे काढून ठेवली, की बायोस मूळ स्थितीत येतो.

चाचणीची वेळ हा माझ्या दृष्टीने या सगळ्यातला सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. कूलर प्रोसेसरला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. तो फक्त दोघांमधले अंतर मर्यादित ठेवतो. जानेवारीतल्या संध्याकाळी खोली २४ अंशांवर असताना प्रोसेसर ७० अंश दाखवत असेल, तर ते अंतर ४६ अंशांचे आहे, आणि मे महिन्यात तीच खोली ४० अंशांवर गेली की तोच प्रोसेसर त्याच सेटिंगवर ८६ अंशांच्या घरात जाईल. गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत रात्री बसून पक्के केलेले सेटिंग अक्षय्य तृतीयेच्या सुमारास दुपारी कोसळते, हे मी स्वतः अनुभवले आहे. माझ्या एका जुन्या संगणकावर थंडीत प्राइम९५ हा प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणारा चाचणीचा प्रोग्राम रात्रभर एकही चूक न दाखवता चालला होता. एप्रिलमध्ये तोच संगणक हिशोबाची फाइल जतन करताना बंद पडला आणि ती फाइल पुन्हा उघडली नाही. म्हणून प्राइम९५ दुपारी दोन ते चारच्या दरम्यान, खिडक्या रोजच्यासारख्या ठेवून, खाली माग चालू असताना लावा. त्याच्या नव्या आवृत्त्या एव्हीएक्स नावाच्या, प्रोसेसरला जास्त राबवणाऱ्या सूचना वापरतात, त्यामुळे प्रोसेसर रेंडरपेक्षाही जास्त तापतो. तिथे ८० अंशांच्या आत राहिलात तर रोजच्या कामात निर्धास्त राहाल. ९० च्या जवळ गेलात तर चाचणी थांबवून गुणक खाली आणा. खोलीत पाण्याचा कूलर असेल तर त्याचा झोत थेट कॅबिनेटवर घेऊ नका. ओलसर हवा आणि सुताची धूळ मिळून बोर्डवर चिकट थर बसतो.

निळा पडदा येणे किंवा संगणक आपोआप पुन्हा सुरू होणे ही अस्थिरतेची उघड लक्षणे आहेत, आणि खरे तर ती बरी, कारण ती दिसतात. न दिसणारी चूक अधिक वाईट असते. काठावर चालणारा प्रोसेसर कधी कधी बंद न पडता चुकीचे उत्तर देतो आणि ते उत्तर तुमच्या फाइलमध्ये लिहिले जाते. तुमच्या व्यवसायात याचा अर्थ काय होतो, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. डिझाइनच्या फाइलमधला एक चुकीचा ठिपका प्रत्येक रिपीटमध्ये पुन्हा पुन्हा विणला जातो, आणि तो लक्षात येईपर्यंत कितीतरी चादरी मागावरून उतरलेल्या असतात. म्हणून पहिला महिनाभर विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘डब्ल्यूएचईए लॉगर’ या नावाच्या नोंदी येतात का, हे दर दोन-तीन दिवसांनी पाहा. प्रोसेसरने स्वतःच सुधारलेल्या चुकाही तिथे नोंदल्या जातात. एक जरी नोंद दिसली तरी व्होल्टेज एक पायरी वाढवा किंवा गुणक एकाने उतरवा. मागावर जाणारी अंतिम फाइल तयार करताना काही दिवस मूळ सेटिंगच वापरलेत, तर मला अधिक समाधान वाटेल.

तुमच्या चुलतभावाची भीती अनाठायी नाही, पण प्रोसेसर जळतो तो बहुतेक वेळा धूर निघून नव्हे. जास्त व्होल्टेज आणि जास्त उष्णता यांमुळे आतल्या अतिसूक्ष्म तारांमधले धातूचे अणू वर्षानुवर्षे हळूहळू सरकत राहतात, आणि एके दिवशी जे सेटिंग आजवर स्थिर होते ते स्थिर राहत नाही. १.३० व्होल्टच्या आत आणि ८० अंशांच्या खाली ही झीज इतकी मंद असते की तुमचा मदरबोर्ड किंवा एसएमपीएस त्याआधी थकण्याची शक्यता जास्त आहे. एसएमपीएस स्थानिक बनावटीचा, वजनाला हलका आणि कॅबिनेटसोबत फुकट आलेला असेल, तर प्रोसेसरला हात लावण्यापूर्वी तो बदला. कारखान्याच्या जोडणीवर मोटारी चालू-बंद होताना दाब वरखाली होतो, तेव्हा तुमच्या संगणकाला अर्थिंग योग्य आहे का, हे वायरमनकडून तपासून घ्या. यूपीएसही पाहा, ६०० व्हीएचा साधा यूपीएस सुमारे ३६० वॅटच देतो, आणि बॅटरी जुनी असेल तर वाढलेल्या भाराने लाइट गेल्याबरोबर संगणकही जाईल.

पैशांच्या दृष्टीनेही एक गोष्ट सांगायला हवी. मोठी डिझाइन फाइल उघडायला लागणारा वेळ बहुतांशी हार्ड डिस्कचा असतो आणि तो ओव्हरक्लॉकिंगने कमी होणार नाही. त्यासाठी साटा एसएसडी घ्या आणि मदरबोर्डवरच्या सहा गिगाबिटच्या पोर्टला जोडा. तुमच्याकडे टॉवर कूलर आणि एसएसडी यांपैकी एकाचेच पैसे असतील, तर मी डोळे झाकून एसएसडी घ्यायला सांगेन. रेंडरचा वेळच महत्त्वाचा असेल, तर याच मदरबोर्डवर बसणारा वापरलेला आय७-२६०० हाही एक मार्ग आहे. त्यात कोअर चारच असले तरी एकाच वेळी आठ धागे चालतात, आणि रेंडरसारख्या कामात त्याचा उपयोग व्होल्टेजला हात न लावता होतो. तुमच्या जागी मी असतो तर स्वच्छता, एसएसडी आणि कूलर या क्रमाने गेलो असतो आणि गुणक सर्वांत शेवटी वाढवला असता.

तो वाढवाल तेव्हा बायोसमध्ये सेटिंग साठवण्याची सोय आहे का, ते पाहा. बहुतेक झेड६८ मदरबोर्डांवर ती असते. दोन संच साठवा : एक ४.२ चा आणि एक ४.० चा, मूळ व्होल्टेजवर चालणारा. गुढीपाडव्याला ४.० चा संच लावा, हीटसिंक पुन्हा उघडून सुताचा थर काढा, आणि मृगाचा पाऊस पडून खोली निवल्यावर ४.२ वर परत या. सीमॉस साफ केल्यास किंवा बायोस अद्ययावत केल्यास हे साठवलेले संच पुसले जाऊ शकतात, म्हणून दोन्हींचे आकडे तुमच्या डिझाइनच्या वहीत शेवटच्या पानावर लिहून ठेवा.